दुपारी अडीचची बाई

आमच्या घरात दिवसा बोलायला बंदी होती.

आप्पांची कायम तिसरी पाळी असायची. नगर रोडवरच्या एका कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली, ते प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रावर होते. सकाळी यायचे, भाकरी खायचे आणि घोंगडं टाकून झोपायचे. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा, पुढं पडवी. त्यामुळं ते झोपले की आई भांडी न वाजवता घासायची. पाणी तांब्याच्या कडेकडेनं सोडायची. मी पाढे नुसते ओठ हलवून म्हणायचे. बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी असाच पुटपुटत केला. पुढं कॉलेजात सरांनी उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं, तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. चार महिने गावात, आठ महिने रानात. आप्पांनी ती विकली, कारण चराईला रान राहिलं नव्हतं आणि मला एका जागी राहून शाळेत घालायचं होतं. आई तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला भाजीच्या मळ्यांत रोजानं जायची. पावसात पत्रा गळायचा. कोरडी जागा एकच होती, ती आप्पांची. झोपेत माणूस भिजला तर रात्री कामावर डुलक्या घेईल, म्हणून आम्ही दोघी ओल्यात बसायचो. हे सांगायला मला लाज वाटत नाही आणि मिरवायलाही आवडत नाही. होतं ते असं होतं.

आप्पांच्या वाट्याला आलेलं यंत्र जुनं होतं, जपानमध्ये वापरून झालेलं. त्याच्या अंगावरची अक्षरं आप्पांच्या शब्दांत सांगायची तर 'कोंबडीनं पाय पुसल्यागत'. आणि त्या यंत्राला आवाज होता. कुणाचा हात नको तितका पुढं गेला की यंत्र थांबायचं आणि आतून एक बाई बोलायची. एकच वाक्य, दोनदा. कुणाला कळायचं नाही. लाइनवरचे बिहारकडचे कामगार तिला 'मॅडमजी' म्हणायचे, आपली माणसं नुसतं 'बाई'. 'आज बाई लई बोलती', 'आज बाई गप हाय', असं चालायचं. खंडेनवमीला बाकीच्या यंत्रांना हळदकुंकू आणि नारळ. बाईची मात्र खण-नारळानं ओटी भरायची. ही रीत आप्पांनीच पाडलेली. आई हसून म्हणायची, "आमाला न्हाई कवा खण आनला."

"तू बोलतीस कुठं तिच्यावानी ग्वाड?" असं आप्पा म्हणायचे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते त्या दसऱ्याला आप्पांची पाळी बदलून पहिली झाली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या चहानंतर, त्या यंत्रानं त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं घेतली. अंगठा राहिला.

बरोबरचे कामगार भेटायला आले तेव्हा सगळे एकच सांगत होते. खंडेनवमीपासून बाई सारखी बोलत होती, थांबतच नव्हती. दोन दिवस बोलली आणि तिसऱ्या दिवशी हात घेतला. "तिला कायतरी पायजे व्हतं," एक जण म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. कारखान्यानं पुढं ते यंत्र हलवलं. कुठं गेलं, ते ठेकेदारानं सांगितलं नाही.

आप्पा घरी बसले. हात बरा होत आला, पण माणूस बोलेनासं झालं. कामावर जाणं नव्हतं, तरी अंगाची सवय जात नव्हती. दुपारी जेवण झालं की ते घोंगडं टाकून झोपायचे आणि आम्ही सवयीनं गप्प व्हायचो. अशाच एका दुपारी, आई तांदूळ निवडत होती, मी वही घेऊन भिंतीला टेकले होते. आप्पांचे डोळे अर्धवट उघडले. डावा हात सावकाश वर आला, तळवा आमच्याकडं.

"किकेन देस. हानारेते कुदासाइ."

आवाज आप्पांचाच होता, पण वळण त्यांचं नव्हतं. बारीक, गोड, शेवटाला जरासं लांबवलेलं. एखादी बाई पदर सावरून दारातल्या पाहुण्याशी बोलते तसं. पुन्हा एकदा तेच, तितकंच, तशाच थांब्यानं. मग हात खाली गेला आणि ते घोरायला लागले.

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "ऐकलंस?"

"व्हय."

"काय म्हनले?"

"काय की."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. दुसऱ्या दिवशीही अडीचच. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ पाच मिनिटं मागं करून ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की घड्याळ बघूनच त्यांना ते होत असावं. घड्याळात दोन पंचवीस असताना ते बोलले. म्हणजे खरे अडीचच. चार-आठ दिवसांनी आमचं कुत्रं त्या सुमाराला पडवीतून उठून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसायला लागलं.

गावाला कळायला कितीसा वेळ लागतो? शेजारची बाई बांधावरूनच आईला म्हणाली, "काय गं, तुज्या नवऱ्याच्या अंगात मेम येती म्हनं? मंग इंग्रजी तरी शिकून घ्या की फुकटात!"

आई म्हणाली, "तुज्या नवऱ्याच्या अंगात रोज सांजच्याला येती, ती काय शिकवती गं तुला?"

बोलायला आई कमी नव्हती. पण घरात येऊन ती चुलीपुढं बराच वेळ बसली. दुपारच्या वेळी आमच्याकडं विरजण मागायला यायचं बायकांनी बंद केलं होतं. आप्पांनी एकदा झोपेतून उठून आईला विचारलं, "मी काय बोललो का?" आई नाही म्हणाली. ते म्हणाले, "ती बोलती. माज्या तोंडानं बोलती. मला ऐकू येतं, पर थांबवता येत न्हाई." त्यांना जागेपणी ते वाक्य येत नव्हतं. मी विचारून पाहिलं. एक शब्दही येत नव्हता.

आईच्या माहेरच्यांनी भांडगावच्या पुढं आतल्या एका वस्तीवरचा देवऋषी सांगितला. मी जायला नको म्हणत होते. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, भुताखेतावर माझा विश्वास नाही, असं मी कॉलेजात सांगायचे. घरी दुपारी अडीचला तसं सांगायला जमायचं नाही. शेवटी तिघंही गेलो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला एसटीनं, भीमेचा पूल ओलांडून, पुढं जीपनं.

देवऋषी म्हातारा होता, स्वच्छ धोतर, कानात बाळी. त्यानं आधी जेवायला घातलं, हे मला आवडलं. प्रवासानं दमलेले आप्पा खांबाला टेकून झोपी गेले. "झोपू द्या," तो म्हणाला आणि भंडाऱ्याचं ताट घेऊन समोर बसला. आम्ही घड्याळाकडं बघत होतो. तो आप्पांकडं.

डावा हात वर आला. वाक्य आलं.

"कोन हायेस? कुठली हायेस?" देवऋषीनं दरडावून विचारलं.

आप्पांनी तेच वाक्य त्याला दुसऱ्यांदा सांगितलं, तितक्याच गोड आवाजात.

त्यानं हिंदीत विचारलं. मग कसल्या तरी मोडक्या कानडीत विचारलं. एरवी आप्पा दोनदा बोलून थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. तो एकेक प्रश्न विचारत होता आणि प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर येत होतं. पाचव्या का सहाव्या वेळेला म्हाताऱ्यानं भंडाऱ्याचं ताट खाली ठेवलं आणि तो स्वतःच हातभर मागं सरकला.

"ताई, खोटं न्हाई सांगत," तो आईला म्हणाला. "ही लोखंडाबरूबर आलीया. पान्यापल्याडची हाय. मरून बी लई वर्सं झाली असतील. चांगली का वाईट, मला कळंना. हिची बोली माज्याकडं न्हाई. बोली कळल्याबिगार हिला काय पायजे ते इचारू कसं मी? हिची बोली शिकलेलं मानूस आना."

"ते कुठून आनू, आबा?" आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ही कालेजात हाय न्हवं? ही शिकंल की. पर पोरी, एक ध्यानात ठिव. तिचं सबुद भाईर कुनाम्होरं तोंडानं काढू नगंस. ज्याच्याम्होरं काढशील त्याच्या घरची वाट धरंल ती."

आईनं पुढं केलेला नारळ त्यानं घेतला नाही. आमच्याच पिशवीत परत घातला. सगळ्या दिवसात मला खरी भीती वाटली ती त्या नारळाची.

परतीच्या जीपमध्ये मी ठरवलं. जपानी शिकायची. लोक मला आजही विचारतात, हे कसं सुचलं. मी 'भाषेची आवड' असं सांगून मोकळी होते. खरं कारण हे आहे, की माझ्या बापाच्या तोंडून रोज कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि त्याला उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं.

क्लास लावण्याआधी मोबाइलवर प्रयत्न करून झाला. भाषांतराचं ॲप घेतलं, जपानी निवडलं आणि अडीच वाजता फोन आप्पांच्या तोंडाशी धरला. खाली मराठीत आलं, 'केळी परत करा.' दुसऱ्या दिवशी आलं, 'मी शिक्षिका आहे.' झोपेतलं बोलणं, अर्धे शब्द गालातच राहायचे. मग ही भाषा असते तरी कशी, हे ऐकावं म्हणून मी 'धन्यवाद' लिहिलं आणि बोलायचं बटण दाबलं. फोनमधून एका बाईचा आवाज आला. शब्द निराळे, पण गोडवा तोच आणि वळण तेच.

आप्पा बाहेर डाव्या हातानं बादली घेऊन निघाले होते. बादली पडल्याचा आवाज आला. मी पडवीत गेले तर ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि घराच्या दाराकडं बघत होते.

"ती आत आली का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांच्यासमोर ते ॲप काढून टाकलं.

क्लास शिरूरला, एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर होता. शिकवणाऱ्या मॅडम बरीच वर्षं कंपन्यांत दुभाषी होत्या, जपानात राहून आलेल्या. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो, म्हणजे गुरुजी. फी मी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन भरली. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला उभं केलं. जपानी कशासाठी शिकायची? ध्येय काय?

एक जण म्हणाला, तिकडं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं लागतात, मला जायचंय. मागून कुणीतरी म्हणालं, "घरच्या म्हाताऱ्याला पानी देतोस का आधी?" सगळे हसले. एकीला जपानी कार्टून मूळ भाषेत बघायची होती. एकाला पॅकेज पाहिजे होतं आणि त्यानं आकडाही सांगून टाकला. माझी पाळी आली. मी म्हटलं, "नोकरी."

"कसली नोकरी?"

"मिळेल ती."

सेन्सेईंनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढच्याला उठवलं. त्यांची पद्धत अशी होती, की दर तीन महिन्यांनी 'माझं ध्येय' हा निबंध पुन्हा लिहायचा, जेवढी भाषा येत असेल तेवढ्यात. माझा पहिला निबंध तीन ओळींचा होता आणि तिन्ही ओळी खोट्या होत्या.

वाक्य त्यांना सरळ का विचारलं नाही? एक तर आईनं शपथ घातली होती, ते शब्द बाहेर काढायचे नाहीत. आणि दुसरं, मला स्वतःला ते करायचं होतं. आमच्या घराण्यात अर्ज लिहायला, पत्र वाचायला, कायम दुसऱ्याच्या दारात जायची रीत होती. ही एक गोष्ट तरी मी कुणाच्या दारात न जाता वाचणार होते.

अक्षरं मी घरी, दुपारच्या त्या गप्प वेळात गिरवायचे. आप्पा झोपलेले, आई निवडत बसलेली, मी पाटीवर. अडीच वाजायच्या आत माझा हात आपोआप थांबायचा. एकदा मी परातीतल्या पिठावर बोटानं अक्षर काढलं. आईनं ते पुसलं आणि म्हणाली, "खायाच्यावर नगं."

चौथ्या-पाचव्या महिन्यात एक शब्द सुटला. वाक्यातला शेवटचा. तो विनंतीचा होता. कृपया असं करा, कृपया तसं करा, यातलं 'कृपया'. वर्गात सगळे एकमेकांना 'कृपया दार लावा', 'कृपया पाणी द्या' असं म्हणत हसत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. म्हणजे ती मागत होती. देवऋषी आणि तो चहा ठेवून उठलेला माणूस, दोघंही बरोबर होते. तिला काहीतरी पाहिजे होतं आणि ती ते माझ्या बापाकडं, रोज, विनवून मागत होती. काय मागतेय तेवढं कळत नव्हतं. ते आठवडे वाईट गेले. दुपारी ते वाक्य आलं की मी मनात मोजायचे, चार बोटं दिली, आता काय उरलंय.

घरी मी काही सांगितलं नाही.

मग पुढच्या पुस्तकात पहिला शब्द आला. किकेन. धोका. मधला शब्द मी सेन्सेईंच्या टेबलावरच्या जाड कोशात, सगळे गेल्यावर, एकटीनं शोधला. दूर होणं. बाजूला होणं. 'देस' म्हणजे 'आहे', ते पहिल्याच धड्यात आलं होतं. मी चारही शब्द एका कागदावर लिहिले.

धोका आहे. कृपया बाजूला व्हा.

मी बाकावर बसून राहिले. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

त्या वेळच्या निबंधात मी पहिल्यांदा खरं लिहिलं. मोडक्या जपानीत. माझे वडील झोपेत एक वाक्य बोलतात. ते यंत्राचं वाक्य आहे. मला त्याचा अर्थ पाहिजे होता. आता अर्थ मिळाला आहे. पुढचं ध्येय अजून माहीत नाही.

सेन्सेईंनी मला थांबवून घेतलं. "म्हणून दाखव," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या घराची वाट धरली तर धरू दे. म्हण."

मी म्हटलं. डोळे मिटून, जसं ऐकत आले होते तसं. डोळे उघडले तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या होत्या.

"हा तुझा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "मी तुला सात महिने शिकवतेय. तुझा उच्चार असा नाही. हा तिथल्या बाईचा आहे. जुन्या पद्धतीचा."

मग त्यांनी पाणी प्यायलं आणि समजावून सांगितलं. जपानात लिफ्ट बोलते, बस बोलते, यंत्रं बोलतात, आणि बहुतेक बायकांच्या आवाजात. कुणीतरी बाई कधीतरी एका बंद खोलीत बसून असली वाक्यं बोलून गेलेली असते. "यंत्र किती जुनं होतं?"

"लई जुनं. आप्पा म्हणायचे, माझ्याहून थोरलं असंल."

"मग ती बाई आता असेलच असं नाही," सेन्सेई म्हणाल्या.

मला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. लोखंडाबरोबर आलेली, पाण्यापल्याडची, मरून फार वर्षं झालेली. मी विज्ञानाची पदवी घेत होते आणि तो अंगठेबहाद्दर. दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचलो होतो.

परतीच्या एसटीत मी फोनमधला एक फोटो उघडला. खंडेनवमीला आप्पांनी यंत्राचा काढलेला. तो मी शंभर वेळा पाहिला असेल, पण अक्षरं यायला लागल्यापासून पाहिला नव्हता. यंत्राच्या छातीवर आईनं ओवलेली झेंडूची दुपदरी माळ. माळेच्या कडेनं एका पिवळ्या पाटीचा तुकडा दिसत होता. फोटो मोठा करून मी एकेक अक्षर लावलं. पाटीवर लिहिलं होतं, या सेन्सरसमोर वस्तू ठेवू नका.

आणि सेन्सरसमोर माळ लोंबत होती.

म्हणून बाई दोन दिवस बोलत होती. माळ यंत्राच्या थरथरीनं हलायची आणि तिला वाटायचं, कुणाचा तरी हात पुढं आलाय. खिडकीबाहेर एकामागून एक कारखान्यांचे दिवे जात होते. ती माळ कुणी घातली ते मला माहीत होतं. बाईचा अर्थ घरी सांगायचा तर पाटीचा अर्थही सांगावा लागणार होता. एक सांगून एक ठेवायचं, असं मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आप्पा पडवीत डाव्या हातानं कांदे निवडत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "आप्पा, बाई काय म्हणती ते मला कळलंय."

त्यांचा हात थांबला. आई आतून उंबऱ्यात आली.

"थांब," आप्पा म्हणाले. "आधी मी सांगतो." आणि अपघातापासून कधी बोलले नव्हते तेवढं ते एका दमात बोलले. "माळ मीच घातली. माळ घातली तवापास्नं मशीन सारकं थांबाया लागलं आन् ती बोलाया लागली. सुपरवायजर म्हनला, माळ काढा. मी म्हनलो, पुजंची माळ पाच दिस उतरवत न्हाईत. तो बी आपल्यातलाच. त्यानं बी हात लावला न्हाई माळंला. त्यानं चावी फिरवली आन् हात म्होरं आला तरी मशीन थांबू नये असं केलं. तिला मात्र बंद करता येईना. ती बोलतच ऱ्हायली. मला वाटलं, बाई माळंवर खुश हाय. दोन दिस मला असंच वाटलं, की ती खुश हाय."

आई म्हणाली, "आन् माळ मी ओवलेली."

"तुजा काय संबंध?" आप्पा तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग आता. काय म्हनत व्हती?"

पाटी सांगायची गरज उरली नव्हती, तरी मी ती सांगितली. मग वाक्य सांगितलं. "धोका आहे. कृपया बाजूला व्हा."

एक कांदा उचलून त्यांनी परत ढिगात ठेवला.

"कृपया म्हनली?"

"व्हय."

"दर टायमाला?"

"दर वेळी."

"त्या कारखान्यात आमाला कुनी कवा कृपया म्हनलं नव्हतं," आप्पा म्हणाले. "ए हात काढ, ए सरक, असं म्हनायचे. ती येकटीच म्हनत व्हती आन् ती कुनाला कळत नव्हती." त्यांनी अंगठा उरलेला हात मांडीवर उलटा ठेवला. "म्हंजी तिनं न्हाई घेतला हात."

"न्हाई."

"म्याच दिला."

खोटं बोलून त्यांना बरं वाटेल असं करावं, हा विचार आला होता. पण त्यांनी स्वतः सगळं खरं सांगितलं होतं, आणि मी त्यांचीच मुलगी आहे.

त्या दुपारी ते जेवले आणि झोपले. आई आणि मी दोघी काही काम न काढता नुसत्या बसलो होतो. अडीच वाजले. कुत्रं केव्हाच रस्त्यापलीकडं गेलं होतं. आप्पांचा डावा हात वर आला. तोच बारीक, लांबवलेला आवाज आला, एकदा. दुसऱ्यांदा येण्याआधी आप्पा झोपेतच, स्वतःच्या जाड आवाजात म्हणाले, "व्हय बाई. झालो."

आणि ते घोंगड्यावर भिंतीकडं सरकले. एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी मोकळी केली आणि तिच्याकडं पाठ करून गाढ झोपले. आम्ही दोघी त्या रिकाम्या अर्ध्या घोंगड्याकडं बघत राहिलो. आईनं हात जोडले. मी जोडले नाहीत, पण जागेवरून उठलेही नाही. थोड्या वेळानं कुत्रं पलीकडून आलं, उंबऱ्याशी थांबलं, रिकाम्या जागेकडं बघून त्यानं शेपूट हलवली आणि बाहेर जाऊन पडलं.

त्यानंतर ते वाक्य आप्पांच्या तोंडून आलं नाही. झोपताना मात्र ते अजून भिंतीकडंच झोपतात. मी त्याचं कारण विचारलेलं नाही.

वाक्याचा अर्थ लागल्यावर मी क्लास सोडीन, असं आईला वाटलं होतं. मी सोडला नाही. पुढच्या निबंधात ध्येयाच्या जागी काय लिहायचं ते मला कळलं होतं, आणि ते लिहायला तीन ओळी पुरल्या. यंत्रांवर लिहिलेलं, यंत्रातून बोललेलं, जी माणसं त्यांच्यापुढं उभी असतात त्यांच्या भाषेत आणायचं. सेन्सेईंनी खाली लाल शाईनं एक चूक दुरुस्त केली, बाकी काही लिहिलं नाही.

मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात पहिलीच. जपानीच्या परीक्षेची पाचवी, म्हणजे सगळ्यात खालची, आणि चौथी पातळी पहिल्या फटक्यात आणि तिसरी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. तिथल्या जुन्या यंत्रांवरच्या पाट्या मी एकेक करून मराठीत आणि हिंदीत केल्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना यंत्रापुढं उभं करून तोंडी सांगितल्या, आणि सणाच्या माळा कुठं बांधायच्या त्या जागा रंगानं आखून दिल्या. आज माझ्या विभागात अशी पाटी नसलेलं एकही यंत्र नाही, आणि मी लागल्यापासून तिथं कुणाचं बोट गेलेलं नाही.